जमिनीच्या घसाऱ्याचा हिशेब कोण ठेवणार?

वाळवंटीकरण हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातील वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. फार तर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठेमहांकाळचे उघडेबोडके माळ आठवतात. कृष्णाकाठच्या पलूस तालुक्याचे नाव या संदर्भात कोणाच्याही मनात येत नाही. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, कुंडल या पट्ट्यातील उसाची शिवारे पाहत जाणाऱ्या माणसाला ‘येथे जमीन मरते आहे’ असे सांगितले तर तो ते थट्टेवारी नेईल. तथापि याच शिवारांतील सखल भागात पांढरे मीठ फुटलेली, पाऊल टाकले तर रुतणारी, बाभळ आणि लव्हाळ्याखेरीज काही न उगवणारी रानेही आहेत. त्यांना कोणी चोपण म्हणते, कोणी खारपड, कोणी पाणथळ. पलूस, वाळवा, मिरज या सांगलीच्या तालुक्यांत आणि खाली कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळमध्ये मिळून अशी हजारो एकर जमीन लागवडीबाहेर गेली आहे किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. या जमिनीची गणना कोरडवाहू मुलुखाच्या ऱ्हासात करावयाची की नाही, हा केवळ शब्दांचा वाद नाही. कारण जी हानी मोजली जात नाही, तिची भरपाई मागता येत नाही आणि ती थांबवण्याची जबाबदारीही कोणावर टाकता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ सालच्या वाळवंटीकरणविरोधी कराराची व्याख्या या बाबतीत स्पष्ट आहे. वाळू पसरणे म्हणजे वाळवंटीकरण नव्हे. शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-दमट प्रदेशांत हवामानातील फेरबदल व मानवी व्यवहार यांमुळे जमिनीची उत्पादकता खालावणे म्हणजे वाळवंटीकरण होय. एखादा प्रदेश कोरडा आहे किंवा नाही हे तेथे वाहणाऱ्या नदीवरून ठरत नाही. वार्षिक पाऊस आणि बाष्पीभवनाची वार्षिक शक्यता यांच्या गुणोत्तरावरून ठरते. हे गुणोत्तर ०.२ ते ०.५ यांमध्ये असेल तर प्रदेश निमशुष्क समजला जातो. पलूस भागात सरासरी पाऊस पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तर बाष्पीभवनाची शक्यता दीड हजार मिलिमीटरच्या घरात आहे. म्हणजे नदीकाठी असला तरी पलूस हा निमशुष्क प्रदेशच आहे. सह्याद्रीवर पडलेले पाणी कृष्णेतून येथे येते आणि पंपाने शेतावर चढते. त्याने हवामान बदलत नाही. उलट पाणी बाहेरून येते आणि आकाश ते झपाट्याने शोषून घेते, यातच येथील धोक्याचे मूळ आहे.

हा धोका कसा वाढतो ते पाहू. कृष्णाकाठची काळी जमीन चिकणमातीची आहे. ती पाणी धरून ठेवते, पण खाली सहजासहजी सोडत नाही. उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते असे मानले जाते. पाट भरभरून दिलेल्या पाण्यातील जो भाग पिकाला लागत नाही तो खाली झिरपतो, मुरमाच्या थरावर साचतो आणि भूजलाची पातळी वर्षागणिक वर सरकते. ही पातळी पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली की कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येऊ लागते. पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. एक साधा हिशेब मांडू. पाण्यात दर लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरा. असे पाणी पिण्यासही गोडच लागते. एक हेक्टर क्षेत्राला वर्षात दोन मीटर पाणी दिले तर ते वीस हजार घनमीटर होते आणि त्यासोबत सहा टन क्षार शेतात येतात. पिके त्यांतील अल्प भागच उचलतात. उरलेले क्षार वाहून जाण्यास वाट नसेल तर ते तेथेच साठतात. पुढे त्यांतील सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, मातीची घडण मोडते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन खारवटीची चोपण बनते. खारवट जमीन पाण्याने धुता येते. चोपण झालेल्या जमिनीला जिप्सम द्यावे लागते, धैंचा-ताग गाडावे लागतात आणि तरीही निचऱ्याची सोय नसेल तर सगळे श्रम वाया जातात.

यात नवीन काहीच नाही. महाराष्ट्राला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत नीरेच्या खोऱ्यातील खारपड जमिनींवर डॉ. हॅरल्ड मान व तम्हाणे यांना १९१० साली स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. त्याआधीच विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली होती. पाणी थोड्या गावांत उसाने गिळू नये, ते अधिक गावांत फिरावे आणि गटातील काही हिस्साच बारमाही पिकाखाली असावा, हे तिचे सार होते. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या या दुखण्यासाठी विशेष विभाग स्थापन केला. आजची खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्याच बीजातून वाढली. १९२८ साली इंग्लिस व गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील अनुभवाची मांडणी केली. परकीय सरकारला रयतेची कणव होती म्हणून हे झाले असे नाही. पाणीपट्टी बुडू लागली म्हणून झाले. पण निदान हिशेब ठेवला गेला. स्वातंत्र्यानंतर आपण धरणे बांधली, सहकारी उपसा योजना उभ्या केल्या, साखर कारखाने काढले. तो हिशेब मात्र मागे पडला.

पलूसचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. याच तालुक्यातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९१० पासून लोखंडी नांगर आणि पुढे पंप महाराष्ट्रभर गेले. याच तालुक्यातील कुंडल हे प्रतिसरकारच्या लढ्याचे एक केंद्र होते. साठच्या दशकात कोयना धरण उभे राहिले, कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले आणि सामान्य शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून, कर्जे काढून, नदीचे पाणी मैलोन्मैल वर नेले. हे कर्तृत्व लहान नाही. ज्या माणसांच्या बापजाद्यांनी ज्वारीच्या कण्यांवर दिवस काढले त्यांच्या घरात त्या पाण्याने शिक्षण आले, औषध आले. म्हणून या पाण्याविरुद्ध कोरडा उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या पर्यावरणप्रेमींना नाही. प्रश्न निराळाच आहे. पाणी आणणारी संस्था सहकारी होती, पाणी वापरणारे शेतकरी सभासद होते, ऊस घेणारा कारखाना सहकारी होता. मग जादा पाणी शेताबाहेर काढण्याची जबाबदारी तेवढी प्रत्येकाची खाजगी का राहिली?

आता मोजमापाकडे वळू. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या मानचित्रावलीप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टरांहून अधिक जमीन, म्हणजे एकूण भूक्षेत्राच्या २९.७७ टक्के, ऱ्हासग्रस्त होती. महाराष्ट्रात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. हे काम मोलाचे आहे. परंतु त्यातील बहुतांश ऱ्हास पाण्याने होणाऱ्या धुपेचा आणि वनस्पती-आच्छादन नष्ट होण्याचा आहे. क्षारांचा वाटा देशभरात टक्का-दीड टक्क्याच्या आसपास दिसतो. पाच लाखास एक या प्रमाणाच्या नकाशात पलूसच्या ओढ्याकाठची दहा-वीस एकरांची चोपण रिंगणे कशी दिसावीत? शिवाय आंतरराष्ट्रीय पातळीवर ऱ्हास ठरवण्याची तीन मुख्य गमके आहेत: जमिनीवरील आच्छादन, तिची उत्पादकता आणि मातीतील सेंद्रिय कर्ब. यांपैकी पहिली दोन मुख्यतः उपग्रहातून दिसणाऱ्या हिरवेपणावर अवलंबून असतात. ज्वारीच्या जागी बारमाही ऊस आला की उपग्रहाच्या लेखी जमीन सुधारली! मुळांखाली पाणी दरवर्षी वीतभर वर येत आहे हे त्याला कळत नाही. ऊस पिवळा पडून गाळे दिसू लागतात तेव्हा ऱ्हासाची नोंद होते. पण तोवर जोखीम संपून नुकसान सुरू झालेले असते. जोखमीचे मूल्यमापन म्हणजे झालेल्या नुकसानीचा पंचनामा नव्हे.

जमिनीवरून होणारी मोजणीही अशीच तोकडी आहे. २०१५ पासून मृदा आरोग्यपत्रिका वाटल्या जातात. बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना, तोही वरच्या वीतभर थराचा. त्यात क्षारतेचा आकडा असतो, हे खरे. पण क्षार खालून वर येतात आणि वरच्या थरात ते पोचले की पत्रिकेची गरजच उरत नाही, डोळ्यांनाच दिसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक विहिरींची पातळी नियमितपणे मोजते. परंतु त्या आकड्यांकडे आपण पाहतो ते टंचाईच्या चिंतेने: पाणी किती खाली गेले, टँकर कोठे लागेल. पाणी किती वर आले आणि त्यामुळे कोणत्या गटातील जमीन पुढील पाच वर्षांत जाणार, हा प्रश्न त्याच आकड्यांना विचारता येतो; कोणी विचारत नाही एवढेच.

का विचारत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राने द्यावयास हवे. साखर कारखान्याचा ताळेबंद उघडा. त्यात बॉयलरचा घसारा आहे, गव्हाणीचा आहे, मोटारगाड्यांचाही आहे. ज्या जमिनीवर हा सारा डोलारा उभा आहे, तिच्या घसाऱ्याचे सदर मात्र कोठेच नाही. जिल्ह्याचे उत्पन्न मोजताना उसाचे प्रत्येक टन जमेस धरले जाते. त्या टनासाठी जमिनीच्या आयुष्यातून किती वर्षे वजा झाली ते खर्ची पडत नाही. भांडवल खाऊन त्यालाच उत्पन्न म्हणणारा दुकानदार एक दिवस दिवाळे काढतो. जिल्हा तसे करू लागला तर त्याला विकास म्हणतात. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने १९४८ साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी प्रसिद्ध केली होती. लाभांचा असा हिशेब मांडणारी ती परंपरा हानीच्या हिशेबापर्यंत न्यावयास हवी होती.

दुसरी गोष्ट वर्गाची. पाणी उतारावर धावते, हा निसर्गनियम. त्याची किंमत कोण मोजतो हा मात्र समाजनियम आहे. वरच्या अंगाला असलेला मोठा बागायतदार वारेमाप पाणी देतो, ते झिरपून खालच्या अंगाच्या दोन एकरवाल्याच्या रानात निघते. ओढे, ओघळी बुजवून त्यांवर ऊस लावला जातो, आणि त्यांची तुंबी खालच्याच्या बांधावर येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठची राने कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. बुजलेल्या ओढ्यांनी तेथे पाणी ओसरण्यास आणखी विलंब लावला. मोठ्या खातेदाराची दोन एकरे खारपडली तर त्याची उरलेली वीस एकरे त्याला तारतात. लहान खातेदाराचे सर्वस्व जाते. सोसायटीचे कर्ज मात्र चोपण होत नाही. ते व्याजासह वाढतच राहते. आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या शेतमजूर स्त्री-पुरुषांची बुडालेली मजुरी तर कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की शेतकऱ्याने ऊस सोडावा म्हणजे प्रश्न मिटेल. हा शहाणपणा सोयीचा आहे. शेतकरी अडाणी म्हणून ऊस लावत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान भाव आहे, ठरलेला खरेदीदार आहे; द्राक्षे एका अवकाळी पावसाने जातात आणि टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची पाळी येते. डाळी, तेलबिया, भुसार यांना जाहीर झालेला हमीभाव बाजार समितीच्या आवारात प्रत्यक्ष मिळेल अशी खरेदीयंत्रणा उभी केल्याशिवाय पीकपालटाचा उपदेश पोकळ आहे. दुसरा आक्षेप असा की ठिबक आले की सारे आपोआप होईल. ठिबकाने पाणी वाचते, पातळी वाढण्याचा वेग मंदावतो, हे निर्विवाद. परंतु आधीच वर आलेले पाणी ठिबकाने खाली जात नाही, आणि ओलाव्याच्या कडेला साचणारे क्षार पावसाने धुऊन जाण्यास खाली वाट लागतेच. निचरा हवाच. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाली. लहान शेतकऱ्याला दिलासा मिळाला पाहिजे याबद्दल दुमत नाही; पण दिलासा माणसाला न देता पंपाला दिला की जादा उपसलेल्या पाण्याची किंमत शून्य होते, आणि ज्याच्या विहिरी अधिक त्याला अनुदानही अधिक मिळते.

उपाय अज्ञात नाहीत. छिद्रे पाडलेल्या नळ्या मीटर-दीड मीटर खोलीवर, ठराविक अंतराने, गाळणीसह पुरून त्यांचे पाणी मुख्य नळीतून ओढ्यात सोडावयाचे, ही भूमिगत निचऱ्याची पद्धत सर्वश्रुत आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने क्षारपड जमिनींवर काम केलेले आहे. शिरोळमध्ये दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा नळ्या घातल्या आणि मेलेल्या रानांत पुन्हा पीक उभे राहिले. इजिप्तने आस्वानच्या उंच धरणानंतर सत्तरच्या दशकापासून लाखो एकरांवर सरकारी खर्चाने निचरा नळ्या घातल्या आणि शेतकऱ्यांकडून तो खर्च दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी वसूल केला. या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते: निचरा हे एकट्यादुकट्याचे काम नाही. माझ्या रानातील नळी शेजाऱ्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला मिळत नाही. विहीर खाजगी असू शकते. निचरा स्वभावतःच सामुदायिक आहे.

यास्तव पुढील मागण्या समाजवादी चळवळीने आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, प्रत्येक बागायती गावात गटनंबरवार जोखीम-नोंदवही असावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर भूजलाची पातळी, विहिरीच्या पाण्याची क्षारता, किमान मीटरभर खोलीपर्यंतच्या मातीचे थरवार पृथक्करण आणि ओढ्यांची स्थिती एवढ्या चार बाबी तीत नोंदवाव्यात आणि ती ग्रामसभेत दरवर्षी वाचली जावी. हे काम गावच्या शिकलेल्या मुलामुलींना थोड्या प्रशिक्षणाने करता येईल. दुसरी, गाळपाच्या प्रत्येक टनामागे जमीन-घसारा निधी काढून ठेवण्याचे बंधन सहकारी आणि खाजगी अशा सर्व कारखान्यांवर घालावे. ही कपात शेतकऱ्याच्या भावातून नव्हे, तर साखर, मद्यार्क व वीज यांच्या उत्पन्नातून व्हावी. तिसरी, निचरा नळ्यांचे मुख्य जाळे सरकारी खर्चाने व्हावे, अल्पभूधारकाचा वाटा बिनव्याजी असावा, आणि जमीन सुधारेपर्यंत त्याच्या कर्जवसुलीस स्थगिती मिळावी. नाहीतर चोपण जमीन धनिकाने पडत्या भावात घ्यावी आणि सरकारी पैशाने ती सुधारून घ्यावी, असे व्हावयास वेळ लागणार नाही. चौथी, निचऱ्याचे खारे पाणी ओढ्यांतून कृष्णेतच जाणार. खालच्या गावांना आणि पलीकडे कर्नाटकातील शेतकऱ्यांना त्याचा उपद्रव होऊ नये म्हणून त्याची नियमित तपासणी व्हावी. आपले मीठ दुसऱ्याच्या ताटात लोटणे हा समाजवाद नव्हे.

पाचवी मागणी सर्वांत निकडीची आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी आता माळावरच्या दुष्काळी गावांत पोचले आहे. त्यासाठी तेथील जनतेने दीर्घ लढा दिला. येरळेवर बळीराजा धरण बांधणाऱ्या मुक्ती संघर्ष चळवळीने आणि १९९३ पासून आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी केवळ पाणी मागितले नाही. समन्यायी वाटप मागितले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तर माणशी पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी हे सूत्र सत्तरच्या दशकातच घालून दिले होते. ही सूत्रे आजवर न्यायाची म्हणून मांडली गेली. ती जमिनीच्या आरोग्याचीही आहेत, कारण जेथे पाणी थोडे-थोडे पुष्कळांना मिळते तेथे ते साचून राहत नाही. म्हणून निचऱ्याचा आराखडा व त्याचा खर्च धरल्याशिवाय कोणत्याही नव्या लाभक्षेत्राला मंजुरी मिळू नये, आणि पाणी एकराने नव्हे तर मोजून दिले जावे.

येरळा नदी खानापूर, कडेगावच्या कोरड्या मुलुखातून येऊन पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वरच्या मुलुखाने पाण्यावाचून सोसले, खालचा मुलुख जादा पाण्याने सोसतो आहे. दोन्हींचे मूळ वाटपाच्या एकाच अन्यायात आहे. वरच्या गावांना पाणी मिळाले ही आनंदाचीच गोष्ट. ते पाणी चाळीस वर्षांनी तेथे मीठ होऊन फुटावयाचे नसेल, तर जोखमीची नोंदवही आजच, पहिल्या पाण्याबरोबर, उघडली पाहिजे.